पैशाची विचारपूस : ऑर्डर आली, पैसा कुठवर आला?

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकाच विषयावर. टॉवरवरचे रेडिओ, ऑप्टिकल केबल, राउटर अशी टेलिकॉमची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर ज्यांनी घेतले, ती मंडळी हवालदिल झाली आहेत. नागपुरात हे जरा जास्तच दिसतं, आणि त्याला कारण आहे. ज्या गावात चौकाचं नावच टेलिफोन एक्सचेंज चौक, तिथे गल्लीगल्लीत खात्यातून निवृत्त झालेले एखादे काका सापडतात, आणि टेलिकॉमच्या बाबतीत त्यांचा शब्द टीव्हीवरच्या तज्ज्ञापेक्षा जास्त चालतो.

नेहमीची सूचना: मी सीए आहे, सेबीकडे नोंदणी केलेली गुंतवणूक सल्लागार नाही. अमुक घ्या, तमुक विका, हे मी सांगणार नाही. कागद कसा वाचायचा ते सांगेन, आणि माझं मत असेल तिथे ते लपवणार नाही.

प्रश्न : ताई, मी १९८८ साली टेलिफोन खात्यात लागलो. स्ट्राउजर या जुन्या एक्सचेंजची खटखट ऐकली, ई-१०बी हे डिजिटल एक्सचेंज हाताळलं, खेड्यापाड्यांत सी-डॉट या सरकारी संस्थेची एक्सचेंजं लावली. जानेवारी २०२० ला व्हीआरएस घेतली. आलेल्या पैशातून घराचं कर्ज फेडलं, पोरीचं लग्न केलं, उरले ते एफडीत टाकले. २०२४ मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजीचं काम जोरात सुरू झालं तेव्हा वाटलं, आयुष्य यातच गेलं, एवढं तर आपल्याला कळते. एफडी मोडून तेजस नेटवर्क्सचे ५०० शेअर सरासरी १,२४० रुपयांनी घेतले. कंपनी टाटांची, ऑर्डर सरकारची, माल भारतीय. आता भाव निम्म्याच्याही खाली आहे. पोरगा म्हणतो, "बाबा, काढून टाका." मला वाटते आणखी ५०० घेऊन सरासरी खाली आणावी. जुन्या सहकाऱ्यासोबत साइटवर जाऊन यंत्र स्वतः पाहून आलो. यंत्र उत्तम आहे. — निवृत्त कर्मचारी, मानेवाडा

उत्तर : काका, यंत्र उत्तम आहे, मान्य. त्या बाबतीत तुमच्यापुढे मी काय बोलणार? पण तुमच्या पत्रात यंत्र आहे, टाटा आहेत, सरकार आहे. गिऱ्हाईक किती, ते पुन्हा कधी येणार आणि पैसे कधी देणार, याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

आधी कंपनीनेच जाहीर केलेले आकडे घेऊ. २०२२-२३ ची विक्री हजार कोटींच्या आत. २०२३-२४ मध्ये सुमारे २,४७० कोटी. २०२४-२५ मध्ये एकदम ८,९०० कोटींच्या वर, आणि नफा साडेचारशे कोटींच्या आसपास. तुम्ही शेअर घेतलेत तो हा काळ. मग आली एप्रिल ते जून २०२५ ची तिमाही. विक्री २०२ कोटी! आदल्या वर्षी याच तिमाहीत ती दीड हजार कोटींच्या वर होती. तोटा सुमारे १९४ कोटी. पुढच्या तिमाहीत विक्री २६२ कोटी आणि तोटा ३०७ कोटी. यात घोटाळा झालेला नाही, यंत्रही बिघडलेलं नाही. बीएसएनएलच्या जवळपास एक लाख जागांसाठीचा माल देऊन झाला, आणि पुढच्या अठरा हजारांवर जागांची पक्की ऑर्डर हातात पडायला उशीर झाला. एवढंच घडलं.

त्यातही बीएसएनएल हे थेट गिऱ्हाईक नाही. काम मिळालं टीसीएसच्या गटाला. त्यात नेटवर्कचा गाभा सी-डॉटचा आणि रेडिओ तेजसचे. ऑगस्ट २०२३ मध्ये तेजसला टीसीएसकडून जी ऑर्डर मिळाली ती सुमारे साडेसात हजार कोटींची होती. आदल्या वर्षीच्या सगळ्या विक्रीच्या कितीतरी पट रक्कम एकाच दाराने यायची होती. ते दार सहा महिने किलकिलं राहिलं तरी तिमाहीचा निकाल कसा दिसतो, ते आपण पाहिलं.

२७ सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुड्याहून या नेटवर्कचं उद्घाटन केलं. ९७ हजारांवर टॉवर, सगळं स्वदेशी. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या दोघा-तिघांनी ती बातमी पाहून शेअर घेतले होते. फीत कापली जाते तेव्हा यंत्र पुरवणाऱ्याचा माल कधीच पोचलेला असतो. त्याची कमाई आधीच्या वर्षाच्या हिशोबात जमा होऊन गेलेली असते.

नागपूरकरांना हे कूलरवरून पटकन समजेल. लोखंडी पत्र्याचा कूलर, मोटर, पंप हे घरात एकदा येतं. नंतर दरवर्षी मार्च-एप्रिलात बदलायच्या त्या वाळ्याच्या ताट्या. गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच उन्हाळ्यात कूलर घेतले, तर त्या दुकानदाराच्या त्या वर्षीच्या गल्ल्याला बारा वर्षांनी गुणून दुकानाची किंमत लावायची का? टेलिकॉमचं नेमकं हेच आहे. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा फोरजीची खरेदी. १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्हजी सुरू झालं, मग वर्ष-दीड वर्ष जिओ आणि एअरटेल यांनी देशभर झपाट्याने रेडिओ लावले. लावून झाले आणि खरेदी थांबली. नोकियाची भारतातली विक्री २०२३ च्या मानाने २०२४ मध्ये निम्म्याच्या आसपास आली. नोकिया कुठे आणि आपण कुठे!

आणि गिऱ्हाइकं तरी किती उरली? २००८ नंतर देशात डझनभर मोबाइल कंपन्या होत्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२२ परवाने रद्द केले, पुढे एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या. आता तीन खासगी आणि एक सरकारी. चार गिऱ्हाइकांच्या बाजारात प्रत्येक जण भाव पाडून मागतो, आणि एकाने खरेदी पुढे ढकलली की पुरवठादाराचं वर्ष वाया जातं. टेंडर निघणं, रखडणं, रद्द होणं हे तर तुम्ही खात्यात राहून पाहिलेलंच आहे. जुलै २०२० मध्ये बीएसएनएलने फोरजीचं अख्खं टेंडरच रद्द केलं होतं. तुमच्या व्हीआरएसनंतर सहा महिन्यांनी. हे तुम्हाला ठाऊक होतं, पण शेअर घेताना ते ज्ञान एका कप्प्यात राहिलं आणि यंत्राचं प्रेम दुसऱ्या.

आता कागदावर येऊ. कंपनीच्या वेबसाइटवरून वार्षिक अहवाल उतरवून घ्या. पुढची रंगीत पानं सोडा. मागे हिशोबाच्या टिपा असतात, त्यात 'ट्रेड रिसीव्हेबल्स' ही टीप काढा. २०२१-२२ पासून प्रत्येक कंपनीला येणेबाकीचं वय दाखवावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या पुढची. या तक्त्यात रक्कम डावीकडून उजवीकडे सरकायला लागली की समजायचं, माल गेला पण पैसा आला नाही. शेजारी गेल्या वर्षीचा तक्ता असतो, तो लावून पाहा. मग 'इन्व्हेंटरीज' पाहा, गोदामात किती माल पडून आहे. आणि शेवटी कॅश फ्लोचं, म्हणजे रोख किती आली आणि किती गेली त्याचं पान. नफा-तोट्याच्या पानावर नफा आणि कॅश फ्लोच्या पहिल्याच बेरजेत कंसातला आकडा असेल, तर तो नफा अजून गिऱ्हाइकाच्या खिशात आहे. कंस म्हणजे वजा, हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पान उघडून पाहणारे फार थोडे.

मी सीए होण्याआधी आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करत होते तेव्हा हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं ऑडिट आमच्या ऑफिसकडे होतं. केबल जोडायच्या पेट्या बनवायचे, माल सगळा एकाच सरकारी गिऱ्हाइकाला. मालकांच्या टेबलामागे ऑर्डरची प्रत फ्रेम करून लावलेली. विक्रीचं रजिस्टर मार्चमध्ये तुडुंब भरलेलं, कारण वर्षअखेरीला माल ढकलायचा. आणि एप्रिलमध्ये आम्ही बसलेलो असताना मालक कामगारांच्या पगारासाठी पतसंस्थेच्या मॅनेजरला फोन लावत असायचे. मालाची तपासणी व्हायची होती, तपासणी झाली तर स्वीकृतीचा कागद यायचा होता, कागद आला तर दहा टक्के रक्कम वॉरंटी संपेपर्यंत अडकवून ठेवलेली असायची. ताळेबंद मात्र फायद्याचा, आणि त्या फायद्यावर आगाऊ आयकरही भरायचा. शून्यं वाढवली की मोठ्या कंपनीचंही तेच.

टाटांबद्दल. टाटा गटाने २०२१ मध्ये तेजस ताब्यात घेतली, हे कंपनी बुडणार नाही यासाठी चांगलं लक्षण आहे. शेअरचा भाव पडणार नाही असा त्याचा अर्थ होत नाही. टाटा टेलिसर्व्हिसेसचा मोबाइलचा धंदा शेवटी एअरटेलच्या हवाली करावा लागला, तेव्हाही मालक टाटाच होते. आणि तेजसच्या भावाचा इतिहास पाहा. जून २०१७ मध्ये आयपीओ २५७ रुपयांना. मार्च २०२० मध्ये चाळीसच्याही खाली. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर चौदाशेच्या वर. वर चढताना जो शेअर असा उड्या मारतो, तो उतरताना पायरी पायरीने उतरत नाही.

सरासरी खाली आणायचं गणित बरोबर आहे, पण त्याने फक्त वहीतला आकडा सुधारतो. आज तुमचे सहा लाख वीस हजार एका कंपनीत गुंतलेत. आणखी ५०० घेतले की ही रक्कम नऊ लाखांच्या घरात जाईल. निवृत्तीच्या पैशातले नऊ लाख, एका कंपनीत, जिच्या विक्रीचा मोठा भाग एका गिऱ्हाइकावर. माझं मत विचाराल तर नवा रुपया घालू नका. निदान दोन वर्षं त्या कॅश फ्लोच्या पानावरचा कंस गेलेला दिसेपर्यंत तरी नाही. आहे ते विकायचं की ठेवायचं, हे एका वेगळ्या प्रश्नावरून ठरवा: आज हातात तेवढी रोख असती तर तुम्ही हाच शेअर घेतला असता का? तुम्हाला पेन्शन आहे, घर कर्जमुक्त आहे, म्हणून घाई नाही. काकूंना ही रक्कम माहीत आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आधी ते काम.

प्रश्न : मॅडम, मी मिहानमध्ये आयटीत आहे, वय २८. परदेशी शेअर घ्यायच्या अॅपवरून सिस्को आणि नोकिया थोडे थोडे घेतो. एआयची डेटा सेंटरं जोडायला ऑप्टिकल यंत्रं लागतात, चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने नोकियात एक अब्ज डॉलर घातले, म्हणजे या धंद्याचे दिवस फिरले असं मला वाटतं. बाबांचे मित्र म्हणतात २००० साली हेच झालं होतं. तेव्हा नेमकं काय झालं होतं? आणि या वेळी वेगळं आहे ना? — सॉफ्टवेअर इंजिनिअर, मनीषनगर

उत्तर : तेव्हा तू दोन-तीन वर्षांचा होतास, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अमेरिकेत १९९६ मध्ये दूरसंचाराचा नवा कायदा आला आणि नव्या नव्या टेलिफोन कंपन्या उगवल्या. इंटरनेटची वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, हे वाक्य तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होतं. प्रत्यक्षात ती साधारण वर्षाला दुप्पट होत होती. तीसुद्धा प्रचंड वाढ, पण लोकांनी केबल टाकली ती शंभर दिवसांच्या हिशोबाने. त्यातच एका काचेच्या धाग्यातून अनेक रंगांचे प्रकाश एकदम पाठवायचं तंत्र आलं, म्हणजे आधीच टाकलेल्या केबलची क्षमता कैक पटींनी वाढली. मागणी कमी आणि पुरवठा अफाट. जमिनीत पुरलेली केबल वर्षानुवर्षं अंधारात पडून राहिली.

पण भाव इतके कोसळले ते उधारीमुळे. या नव्या टेलिफोन कंपन्यांकडे पैसा नव्हता. यंत्र विकणाऱ्यांनीच त्यांना यंत्र घ्यायला कर्ज दिलं. ल्युसेंट ही एटीअँडटीतून निघालेली बडी कंपनी. तिने असं आठ अब्ज डॉलरच्या वर कर्ज द्यायचं कबूल केलेलं होतं. कर्ज देऊन केलेली विक्री विक्रीच्याच खात्यात दिसायची. गिऱ्हाइकं दिवाळखोरीत गेली तेव्हा विक्रीही गेली आणि कर्जही. डिसेंबर १९९९ मध्ये ८० डॉलरच्या वर असलेला ल्युसेंटचा शेअर २००२ मध्ये एका डॉलरच्या खाली होता. कॅनडाची नॉर्टेल त्याहून वाईट. २००० च्या जुलैमध्ये १२४ कॅनेडियन डॉलर, आणि टोरंटोच्या निर्देशांकात एकट्या नॉर्टेलचं वजन एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे ज्याने इंडेक्स फंड घेऊन निर्धास्त राहायचं ठरवलं, त्याचेही तीनातले एकाहून जास्त रुपये नॉर्टेलमध्ये होते. २००२ मध्ये तो शेअरही डॉलरच्या खाली, आणि जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ल्युसेंट २००६ मध्ये अल्काटेलमध्ये विलीन झाली आणि २०१६ मध्ये ते सगळं नोकियाच्या पोटात गेलं. तुझ्या नोकियाच्या शेअरमध्ये ल्युसेंटची राख आहे, असं म्हणायला हरकत नाही.

तुझ्यासाठी खरी गोष्ट राउटर बनवणाऱ्या सिस्कोची. ती बुडाली नाही. मार्च २००० मध्ये जगातली सर्वांत मोठ्या बाजारमूल्याची कंपनी होती, शेअर ८० डॉलर. २००१ मध्ये गोदामातला सव्वादोन अब्ज डॉलरचा माल तिला बुडीत धरून हिशोबातून काढावा लागला, कारण टंचाईच्या भीतीने गिऱ्हाइकांनी जास्तीच्या ऑर्डरी दिल्या होत्या आणि मागणी थंडावताच त्या मागे घेतल्या. पुढे कंपनी सावरली, विक्री वाढली, नफा वाढला, लाभांशही दिला. तरी मार्च २००० चा भाव पुन्हा दिसायला डिसेंबर २०२५ उजाडला. कंपनी चांगली, घेणाऱ्याचा भाव चुकीचा, आणि पंचवीस वर्षं गेली. तेव्हा चाळिशीत घेतलेला माणूस आज पासष्टीचा आहे.

टंचाईच्या भीतीने साठा करणं हे कोविडनंतरही झालं. चिपांचा तुटवडा होता म्हणून जगभरच्या ऑपरेटरांनी गोदामं भरली, आणि २०२३ पासून ती रिकामी होईपर्यंत खरेदी थांबवली. डेलओरो ही या धंद्याची मोजदाद ठेवणारी संस्था. तिच्या हिशोबाने २०२४ मध्ये जगातली टेलिकॉम यंत्रांची विक्री ११ टक्क्यांनी घसरली, वीसहून अधिक वर्षांतली सर्वांत मोठी घसरण. नोकियाने चौदा हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं, एरिक्सनने साडेआठ हजार. मानेवाड्याच्या काकांना पोळणारी झळ फक्त बीएसएनएलची नाही.

या वेळी वेगळं आहे का? एका बाबतीत आहे. २००० सालचे खरेदीदार उसनवारीवर जगणारे होते. आजचे मोठे खरेदीदार मायक्रोसॉफ्ट, गूगल, अॅमेझॉन, मेटा. त्यांच्याकडे स्वतःचा नफा आहे. पण अलीकडे त्यांच्यातही रोखे काढून, म्हणजे उसन्या पैशावर, डेटा सेंटरं बांधणं वाढलंय, आणि विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकात पैसे घालायचे करार पुन्हा दिसू लागलेत. ते दिसलं की माझे कान टवकारतात. आपल्याकडे हेच उलट्या अंगाने झालं: २०२४ मध्ये नोकिया आणि एरिक्सन यांनी थकलेल्या पैशाच्या बदल्यात व्होडाफोन आयडियाचे शेअर घेतले. यंत्र विकायला गेले आणि भागीदार होऊन परतले. एरिक्सनला त्याआधी रिलायन्स कम्युनिकेशन्सकडून तडजोडीचे साडेपाचशे कोटी काढायला सुप्रीम कोर्टात अवमानाची याचिका लढवावी लागली होती, आणि २०१९ मध्ये कोर्टाने तुरुंगाची ताकीद दिल्यावर ते पैसे आले.

थोडे थोडे घेतोस, ठीक आहे. एवढंच कर की त्यातलं काहीही गाडीच्या किंवा फ्लॅटच्या डाउन पेमेंटला धरू नकोस. आणि परदेशी शेअर रिटर्नमध्ये परकीय मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात, चार शेअर असले तरी. माझ्याकडे येणारी तुझ्या वयाची निम्मी पोट्टी हे विसरलेली असतात.

प्रश्न : ताई, सासरे गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत शेअर सर्टिफिकेटं सापडली. हिमाचल फ्युचरिस्टिक आणि ग्लोबल टेली, १९९९ आणि २००० सालची. घरात कोणाला काही माहीत नव्हतं. हे आता रद्दी समजायचं का? — गृहिणी, महाल

उत्तर : लगेच रद्दीत टाकू नका. हे शेअर 'के-१०' मधले, म्हणजे केतन पारेख या शेअर दलालाच्या आवडत्या दहा शेअरांतले. तेव्हा टेलिकॉम आणि संगणक एवढे दोन शब्द नावात असले की भाव चढायचा. सीताबर्डीतल्या सबब्रोकरांकडे दुपारी उभं राहायला जागा नसायची. हिमाचल फ्युचरिस्टिक, म्हणजे आजची एचएफसीएल, दोन हजार रुपयांच्या पुढे गेली होती. मार्च २००१ मध्ये पारेखला अटक झाली आणि पुढे हेच शेअर दोन आकड्यांत आले. तुमच्या सासऱ्यांसारखे हजारो लोक गप्प बसले, सर्टिफिकेटं ट्रंकेत गेली.

दोन्ही कंपन्या नंतर बदलल्या, त्यामुळे कागदावरची संख्या आणि आजची संख्या एक असेलच असं नाही. कंपनीच्या वेबसाइटवर त्यांच्या रजिस्ट्रारचा, म्हणजे आरटीएचा पत्ता असतो. फोलिओ नंबर लिहून त्यांना विचारा: शेअर अजून नावावर आहेत का, की सात वर्षं लाभांश न उचलल्यामुळे सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार निधीकडे गेले? नावावर असतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं देऊन ते वारसाच्या डीमॅट खात्यात येतात. कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करणं २०१९ पासून बंद आहे, पण वारसाहक्काला ते बंधन नाही. आयईपीएफकडे गेले असतील तर आयईपीएफ-५ हा फॉर्म आहे. वेळ लागतो, पण होतं. "आम्ही काढून देतो, वीस टक्के द्या" म्हणणाऱ्यांचे फोन येतील. त्यांना आधी काहीही देऊ नका, सर्टिफिकेटाचा फोटोसुद्धा नाही.

प्रश्न : तोटा झाला तर तो रिटर्नमध्ये दाखवायची काय गरज? टॅक्स तर लागत नाही. — व्यापारी, गांधीबाग

उत्तर : दाखवा. बारा महिन्यांच्या आत विकून झालेला तोटा कोणत्याही भांडवली नफ्यातून वजा होतो. बारा महिन्यांनंतरचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. आज शेअरमध्ये बुडालेले दोन लाख उद्या प्लॉट विकताना कामी येतात. आणि विकल्याशिवाय तोटा होत नाही, अॅपवरचा लाल आकडा आयकर खात्याला ओळखू येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी खड्डे खोदून ऑप्टिकल केबल टाकायचं काम घेतो. काटोल-नरखेडकडे ग्रामपंचायतींपर्यंत लाइन टाकली. मला काम देणारा वरचा कंत्राटदार, त्याच्या वर मोठी कंपनी. काम होऊन वर्ष उलटलं. बिल पास आहे, पैसे नाहीत. विचारलं की म्हणतात, "वरून आले की देतो." मजुरांचे पैसे मी बायकोचे दागिने ठेवून दिले. काय करू? — छोटे कंत्राटदार, वाडी

उत्तर : हे पत्र शेअरवाल्यांनीही वाचावं असं आहे. मोठ्या कंपन्या ज्याला ऑर्डर बुक, म्हणजे हातातल्या ऑर्डरींची यादी म्हणतात, त्याचं खालचं टोक म्हणजे हे भाऊ.

कायद्यात "वरून आले की देतो" याला जागा नाही. सूक्ष्म-लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार लघुउद्योगांच्या सरकारी पोर्टलवर करता येते, ती थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. दुसरा चिमटा आयकराचा: २०२३-२४ पासून मुदतीत पैसे न दिलेल्या लहान पुरवठादाराचं बिल वरच्या कंत्राटदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. हे त्याच्या सीएला सांगितलं की कधी कधी चेक लवकर निघतो. मी स्वतः असे दोन-चार फोन केलेले आहेत.

दोन अडचणी आहेत. पहिली, लघुउद्योगाची 'उद्यम' नोंदणी कामाच्या आधीची नसेल तर त्यावरून वाद निघू शकतो. दुसरी, नुसता माल किंवा सेवा न देता मजुरी आणि साहित्य मिळून एकत्र कंत्राट असेल, तर ते या कायद्यात बसतं की नाही यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत, आणि समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढेल. म्हणून बिल कसं लिहिलंय ते महत्त्वाचं. तुमचं बिल 'केबल टाकण्याची सेवा' म्हणून आहे की साहित्यासकट? जीएसटी कोणत्या कोडखाली लावलाय? कामाचा आदेश, मोजमाप वहीच्या पानांच्या प्रती, पास झालेलं बिल आणि उद्यमचं प्रमाणपत्र एवढं मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. नोटिशीचा मसुदा मी करून देते, फी लागणार नाही. तोवर नव्या टप्प्याचं काम त्याच कंत्राटदाराकडून उधारीवर घेऊ नका.